हरलेल्या सीडीचे उत्तमभाऊ

दुसऱ्या माणसाभोवती लोक गोळा झाले की तुमच्या शरीरात नेमकं कुठे दुखतं, हे तुम्ही कधी तपासून पाहिलं आहे का? नसेल तर एकदा प्रामाणिकपणे तपासा. मी तपासलं आहे. मला डाव्या बरगडीच्या खाली दुखतं. ही जागा मला उत्तमभाऊंमुळे सापडली, आणि त्यांना याची काहीही कल्पना नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. जळगावात वडिलांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं निघायची: पाण्यासाठी, शाळेसाठी, हुंड्याविरुद्ध, रॉकेलच्या रांगेविरुद्ध. आपल्या घरात पाहुण्याच्या हाती पाण्याआधी पत्रक येतं, असं आई चिडून म्हणायची. मी अक्षरं गिरवली तीच मुळी 'बंधू-भगिनींनो'पासून. त्यामुळे कॉलेज संपवून मंडळात आले तेव्हा माझी पक्की समजूत होती की लोक गप्प आहेत, कारण त्यांना अजून कोणी नीट लिहून दिलेलं नाही. ते लिहून द्यायचं काम माझं.

आमचं मंडळ अकरा जणांचं. रविवारी एखाद्या गावात जायचं, पत्रक वाटायचं, एक माहितीपट दाखवायचा आणि मग लोकांशी बोलायचं. अध्यक्ष भास्कर सर, शाळेतून निवृत्त झालेले. पत्रक माझ्याकडे. पडदा, मशीन, वायरी हे सगळं उत्तमभाऊंकडे.

उत्तमभाऊ मूळचे धरणगावकडचे. जळगावच्या एका बोळात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बुटका, रुंद पंजाचा, चाळिशी ओलांडलेला माणूस. खिशात दोनच वस्तू: एक टेस्टर आणि सीडीवर नाव लिहायचा जाड काळा मार्कर. दुसरं पेन त्यांनी कधी बाळगलं नाही. भाजीची यादी, पोस्टाचा पत्ता, मुलाच्या शाळेतल्या रजेचा अर्ज, सगळं त्या मार्करने. तीन शब्दांत कागद भरायचा. बोलायचे खान्देशीत, घरी आणि दारी सारखेच. एकदा जिल्ह्यातला मोठा साहेब कार्यक्रमाला आला, तर आम्ही सगळे शुद्ध भाषेच्या टाचांवर उभे आणि हे त्याला सांगत होते, "साहेब, जरा बाजूले सरका, मागे दिसत नही शे." साहेब सरकला. मी त्याच साहेबाला त्याआधी तीन निवेदनं दिली होती. तो कशानेच सरकला नव्हता.

सीडी पुसायची त्यांची एक रीत होती. मधल्या भोकात बोट घालून ती उचलायची, तोंडाजवळ नेऊन हळूच वाफ सोडायची आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्याने मधून बाहेर पुसायची, गोल कधीच नाही. एखाद्याने गोल पुसली की ते काही बोलायचे नाहीत, ती सीडी हातातून काढून घ्यायचे आणि पुन्हा पुसायचे. चित्र सुरू झालं की मशीन तसंच सोडून पार शेवटच्या ओळीत जायचे. तिथे जी सगळ्यात म्हातारी बाई बसली असेल तिच्या शेजारी बैठक मारायचे. कार्यक्रम संपल्यावर आम्ही हिशेब करायचो की किती लोक आले, किती पत्रकं संपली. त्यांचा प्रश्न एकच असायचा: "मागली बाईले तोंड दिसनं का?"

आता माझ्या बरगडीची गोष्ट.

असोद्याला आमचे कार्यक्रम जास्त व्हायचे, कारण तिथे दिवसाही अंधार मिळायचा. केळी पिकवायचं एक गोदाम होतं, गार आणि मिट्ट काळोखाचं. घड उतरवायचे दिवस नसले की मालक ते आम्हाला देत. वीज कधी असेल आणि कधी नसेल हे तेव्हा भारनियमनाच्या वेळापत्रकावर ठरायचं, आणि ते दर काही दिवसांनी बदलायचं. मी एकदा विहिरींवर पत्रक लिहिलं होतं. चार रात्री जागून, एकेक वाक्य घासून. पुढच्या वेळी असोद्याला गेले तर पाहते काय, घराघरात माझं पत्रक. ओसरीवर खुंटीला, देवाच्या फोटोशेजारी, एका ठिकाणी तर पिठाच्या डब्यावर चिकटवलेलं. क्षणभर मला वाटलं, आपला जन्म कारणी लागला. मग जवळ गेले. पत्रकाची पाठ कोरी होती आणि उत्तमभाऊंनी वाटण्याआधी प्रत्येक पाठीवर मार्करने लिहून ठेवलं होतं: सोमवार ते शनिवार लाइट कधी जाते, कधी येते, आणि खाली 'रविवारी चित्र'. गावाने पत्रक जपलं होतं, पाठ पुढे करून. माझा मजकूर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी त्यांच्यावर चिडले. ते गोंधळले. म्हणाले, कागद एका बाजूने कोरा होता, वाया कशाला घालवायचा. वाईट हेतू नव्हता हे मलाही कळत होतं. वाईट हेतू असता तर मला किती सोपं गेलं असतं.

त्याच गोदामात एका रविवारी वेणूअक्का बोलल्या. वेणूअक्का म्हणजे असोद्याच्या सत्तरीच्या बाई, कापूस वेचून हात काटकुळे झालेले, प्रत्येक कार्यक्रमाला हजर आणि नेहमी मागच्या ओळीत, कारण पुढे पोरं बसतात. पडद्यावर दूरच्या कुठल्या गावातली एक बाई आपली कहाणी सांगत होती. अक्का मध्येच म्हणाल्या, "भाऊ, हिचं तोंड मले दिसून नाही राह्यलं. ही रडते का हासते?"

गोदामात हशा झाला. उत्तमभाऊ हसले नाहीत. पुण्याला स्थायिक झालेल्या एका इंजिनिअरांनी त्यांचा चांगला प्रोजेक्टर मंडळाला दिला होता. तो मोठं आणि दाट चित्र दाखवू शकायचा, पण आमच्या साध्या सीडी त्याला तेवढं चित्र पुरवतच नव्हत्या. मोठ्या पडद्यावर चेहऱ्याचं पीठ व्हायचं. त्या दिवसापासून उत्तमभाऊंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: असं मशीन पाहिजे की शेवटच्या ओळीतल्या अक्कांना समजलं पाहिजे, ती बाई रडते की हसते.

असं मशीन निघालं होतं, आणि तिथेच गोची होती, कारण ते एक नव्हतं, दोन होती. त्या काळात जगात दाट चित्राच्या दोन नव्या तबकड्या एकाच वेळी आल्या होत्या. दिसायला जुळ्या. एकीचं नाव ब्लू-रे, दुसरीचं एचडी डीव्हीडी. एकीची तबकडी दुसरीच्या मशीनमध्ये चालायची नाही. दोन्हीकडे बड्या कंपन्या छाती काढून उभ्या. एक जगणार आणि एक मरणार हे सगळ्यांना कळत होतं. कोणती, ते कोणालाच नाही. जळगावच्या दुकानांत दोन्ही नव्हत्या. पण भास्कर सरांचे जावई अमेरिकेतून धरणगावला लग्नासाठी यायचे होते आणि मंडळासाठी एक मशीन भेट म्हणून आणायला तयार होते. एकच. कोणतं ते रविवारपर्यंत कळवायचं.

उत्तमभाऊंनी त्या आठवड्यात दुकान बंद ठेवलं आणि जळगाव पालथं घातलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना भेटले, सीडी भाड्याने देणाऱ्यांना भेटले, मुलं गेम खेळायला जातात त्या दुकानात दोन तास बसून राहिले. बैठकीत त्यांनी सांगितलं की मुलांच्या गेमच्या एका नव्या मशीनच्या पोटातच ब्लू-रे आहे. पोरं जे मशीन घरात आणतील, त्याच्याबरोबर ती तबकडीही घराघरात जाईल. शिवाय तिच्यात चित्र जास्त मावतं. त्यांचं झुकतं माप तिकडे होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, "पण ताईनं पत्रक येनं बाकी शे. ते वाचूत, मंग ठरावूत."

मला तो टोमणा वाटला. मी लाल झाले.

आमच्या मंडळाचा एक नियम होता, वडिलांच्या पिढीपासूनचा: मोठा निर्णय लेखी मांडणीशिवाय आणि गुप्त मतदानाशिवाय घ्यायचा नाही. गावात कुठला माहितीपट दाखवायचा इथपासून सगळं चिठ्ठ्यांवर. जगात कोणी सीडीचं मशीन मतदानाने निवडलं नसेल. आम्ही निवडलं.

मी घरी गेले आणि पत्रक लिहायला बसले. आता एक गोष्ट कबूल करते, जी मी मंडळात कधीच कबूल केली नाही. मी आधी बाजू निवडली आणि तत्त्व नंतर शोधलं. उत्तमभाऊ ब्लू-रेच्या बाजूने झुकले होते, म्हणून मी दुसरीच्या. ते एचडी डीव्हीडीकडे झुकले असते तर मी तितक्याच आवेशाने उलट लिहिलं असतं. सायबर कॅफेत बसून मी कारण शोधलं आणि मला ते सापडलं, तेही चांगलं दणकट. ब्लू-रेवाल्यांनी जगाचे तीन तुकडे पाडले होते. एका तुकड्यात विकलेली तबकडी दुसऱ्या तुकड्यातल्या मशीनवर चालू नये अशी सोय केली होती. अमेरिका एका तुकड्यात, आपण दुसऱ्या. एचडी डीव्हीडीला असं कुलूप नव्हतं.

मग काय विचारता. पत्रकाचं शीर्षक 'कुलूप नको'. मी लिहिलं की ज्यांनी विहिरीला कुलूप लावलं, शाळेला लावलं, त्यांचेच हात आता चित्राला कुलूप लावायला निघाले आहेत. लिहिलं की धरणगावच्या माणसाने काय पाहावं हे समुद्रापलीकडचा कारकून ठरवणार असेल, तर आपण त्याच्या हातून मशीन घ्यायचं की नाही, हा तांत्रिक प्रश्न नाही, स्वाभिमानाचा आहे. चार पानं. दोन्ही बाजूंनी छापलं, पाठ कोरी ठेवली नाही.

चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडल्या. भास्कर सरांनी एकेक उघडून वाचली, परीक्षेचे निकाल वाचावेत तशी, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. एचडी डीव्हीडी सहा, ब्लू-रे पाच. एका मताने मी जिंकले. मी उत्तमभाऊंकडे पाहिलं, कारण मला त्यांचा चेहराच पाहायचा होता. ते टाळ्या वाजवत होते.

मशीन आलं. काळं, जड, देखणं. सोबत दोन तबकड्या, एक समुद्राची आणि एक डोंगरांची. ते सुरू करायच्या आधी उत्तमभाऊंनी ते उलटं करून मागचं लेबल वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. अमेरिकेतली वीज आपल्या निम्म्या दाबाची असते. आपल्या प्लगात ते लावलं असतं तर धूर निघाला असता. माझ्या चार पानांत स्वाभिमान होता, व्होल्टेज नव्हतं. ते म्हणाले, "हाई मन्हं काम शे, ताई." आठ दिवसांत त्यांनी वीज निम्म्यावर आणणारा ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळला आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवला. डब्यावर मार्करने लिहिलं: 'आधी मी'. म्हणजे आधी हा डबा लावायचा, मग मशीन.

पहिलं चित्र असोद्याच्या गोदामात लावलं. पडद्यावर मासा आला आणि त्याचे खवले एकेक करून मोजता येतील असे दिसले. दीडशे माणसं पुढे झुकली. वेणूअक्कांनी शेवटच्या ओळीतून सांगितलं की माशाचे डोळे त्यांच्या धाकट्या सुनेसारखे आहेत. हसणं थांबेना. त्यांच्या शेतावर नंतर सगळ्यांना भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. तिथे लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे मशीन उत्तमभाऊंनी आणलं का. मी म्हटलं, मंडळाने आणलं. ते म्हणाले, हो, पण उत्तमभाऊंनी ना?

बरगडी.

दोन-तीन महिने गेले असतील. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींची बातमी आली. एचडी डीव्हीडी काढणाऱ्यांनी माघार घेतली होती. यापुढे मशीन नाही, तबकड्या नाहीत. युद्ध संपलं होतं आणि आमच्या कपाटात हरलेल्या फौजेतला एक शिपाई उभा होता.

लगेच बैठक भरली. भास्कर सर सभ्य माणूस, पण त्या दिवशी त्यांनाही राहवलं नाही. म्हणाले, "संपादकबाई, तुम्ही म्हणालात कुलूप नको. आता तर दारच उरलं नाही." सगळे हसले. मी दुसरं पत्रक खिशात तयार ठेवलं होतं, 'पराभव तत्त्वाचा नाही' असं काहीतरी. मी वाट पाहत होते ती उत्तमभाऊंची. त्यांनी एक शब्द टाकला असता, 'मी सांगितलं होतं' एवढाच, तर मी उभी राहून फाडफाड बोलले असते आणि मोकळी झाले असते.

ते म्हणाले, "मशीन चांगलं शे. साधी सीडीबी त्यावर साफ दिसस. मी आठ दिवस घर लई जास."

आणि मशीन छातीशी धरून घरी गेले. तुम्ही म्हणाल, किती मोठ्या मनाचा माणूस. मीही म्हणाले असते, दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर. माझ्या चुकीवर त्यांनी पांघरूण घातलं आणि लोकांना ते पांघरूणच दिसलं. मी बरोबर असताना कोणी मला शाबासकी दिली नाही आणि मी चुकले तर शाबासकी त्यांना. हा कुठला न्याय? मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. वही अजून आहे.

आठ दिवसांनी ते परत आले ते एक शोध घेऊन. त्या मेलेल्या मशीनची एक खोड त्यांनी शोधली होती. बाजारात मिळणाऱ्या साध्या कोऱ्या डीव्हीडीवर, जिला आम्ही सीडीच म्हणायचो, कॉम्प्युटरने विशिष्ट पद्धतीने चित्र भरलं, तर ते मशीन ती सीडी आपलीच समजून दाट चित्र दाखवायचं. फक्त एका सीडीत वीसेक मिनिटंच मावायची. म्हणजे कंपनीने तबकड्या बंद केल्या तरी आम्ही आमच्या भरू शकत होतो. माझ्या 'कुलूप नको'चा अर्थ मला कळायच्या आधी त्या माणसाने दार शोधून काढलं होतं.

मग ते सातपुड्याच्या पायथ्याला गेले. लग्नाचं शूटिंग करणारा त्यांचा एक मित्र होता, त्याचा नवा कॅमेरा लग्नसराई संपल्यावर मिळायचा. पायथ्याच्या पाड्यांमधल्या एकोणीस बायका त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसवल्या. बोलायचं एकाच गोष्टीवर: रानातली कोणती भाजी कधी उगवते, कशी ओळखायची, कोणती विषारी, कुठलं बी कसं राखायचं. चेहरा जवळून घ्यायचा आणि हात जवळून घ्यायचा, बाकी काही नाही. अकरा सीडी भरल्या. मित्राने टेपा परत घेतल्या आणि पुढच्या सराईत त्यांच्यावर लग्नं भरली. हा धंद्याचा रिवाजच असतो, टेप कोणी जपून ठेवत नाही. राहिल्या त्या अकरा सीडी.

एका पाड्यावर ते चित्र दाखवलं तेव्हा मी होते. एका बाईने स्वतःला पडद्यावर पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पडद्यावरच्या बाईचा नाही, स्वतःचा. मग मागे बसलेल्या आपल्या सासूला ओरडून विचारलं, मी दिसते का. सासू म्हणाली, तुझ्या दातात अडकलेलं पण दिसतं. मी पत्रकं आणली होती. पिशवी उघडलीच नाही. त्या पाड्यावर वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी होती. मी इतकी वर्षं कोणासाठी लिहीत होते, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला, आणि तो पाडणाराही हाच माणूस.

गेल्या वर्षी नलिनीवहिनींची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, बदली झाली. त्या आरोग्य केंद्रात नर्स. धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे. उत्तमभाऊंनी दुकान आवरायला घेतलं. मंडळाने ठराव मांडला की मशीन प्रोजेक्टरसकट उत्तमभाऊंनाच द्यावं, ते तिकडच्या पाड्यांवर दाखवतील. या वेळी चिठ्ठ्या नकोत, हात वर करा, असं ठरलं. दहा हात एकदम वर गेले. माझा शेवटी गेला, पण गेला.

त्यांच्या निरोपाच्या आदल्या दिवशी मी मंडळाचं कपाट लावत होते. टाचण्या हव्या होत्या म्हणून तो बिस्किटांचा डबा उघडला. टाचण्यांच्या खाली जुन्या मतदानाच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. बहुतेक बॉलपेनच्या, बारीक अक्षरात. एक मात्र जाड काळ्या मार्करने लिहिलेली, चिठ्ठीभर: 'एचडी'.

सहा-पाचातलं सहावं मत त्यांचं होतं. भास्कर सरांनी ते अक्षर त्याच दिवशी ओळखलं असणार. पण गुप्त म्हणजे गुप्त, या बाबतीत ते अजून शाळेतच आहेत. मला रात्रभर एकच वाटत राहिलं की या माणसाने मला दान दिलं. पोर हट्टाला पेटली आहे, घेऊ दे जिंकून. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीजवळ गर्दी होती. असोद्याहून वेणूअक्का केळ्यांचा घड घेऊन आल्या होत्या. त्या उत्तमभाऊंना म्हणत होत्या, साक्रीची भाषा तुमचीच, आमच्याकडे तुमचं काही कळायचं नाही, बरं झालं जाता ते. आणि पदराने डोळे पुसत होत्या. उत्तमभाऊ खिडकीशी बसले होते, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं मशीन, पायाशी तुपाचा डबा. मी खिडकीतून चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. विचारलं, हे माझ्यावर उपकार केलेत का.

त्यांना आधी समजलंच नाही. मग चिठ्ठी पाहिली आणि त्यांचा चेहरा लाजल्यासारखा झाला, चोरी सापडावी तसा.

"उपकार कसाना? तुन्हं पत्रक मी चारदा वाचं. माले पटनं. म्हनीसन मत दिधं."

मी म्हटलं, पण तुम्हीच तर गेमच्या मशीनचं सांगत होता.

"ते दुकानवालासनं व्हतं. तू लिखं ते खरं व्हतं. कुलूप नको, हाई खरं शे ना, ताई?"

ते खरंच विचारत होते. माझ्याकडून उत्तर हवं होतं त्यांना. मी हो म्हटलं. त्यांनी गोधडीचं एक टोक उचलून दाखवलं. मशीनच्या झाकणावर, पारदर्शक प्लास्टिकखाली, माझं पत्रक चिकटवलेलं होतं. शीर्षक वर. त्याच्यावर त्यांनी मार्करने एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

गाडी सुटली. त्यांनी हात हलवला नाही, दोन्ही हात मशीनवर होते. एरंडोलच्या रस्त्याला लागेपर्यंत ती खिडकी मला दिसत होती.

माझा सगळ्यात चांगला वाचक मला मिळाला होता आणि मी ज्याला हरवायला निघाले होते तोच तो माणूस निघाला. मी जे मत्सराने लिहिलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला आणि तो विश्वास घेऊन एक मेलेलं मशीन डोंगरात जिवंत ठेवलं. मला त्यांचा अजूनही मत्सर वाटतो. आता तो माझ्याच शब्दांवरून वाटतो, कारण ते शब्द माझ्यापेक्षा त्यांचे जास्त आहेत.

आणि आता कामाचं.

गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला. मशीनची तबकडी वाचणारी लेन्स गेली. चित्र अडखळतं, थांबतं, काळं होतं. तो भाग आता कुठे मिळत नाही, कारण ते मशीनच कोणी बनवत नाही. अकरा सीडी साध्या पद्धतीने उतरवून पाहिल्या, तर मागच्या ओळीतून चेहऱ्याचं पुन्हा पीठ होतं. त्या एकोणीस बायकांपैकी दोघी आता नाहीत. त्यांच्या घरच्यांनी उत्तमभाऊंना विचारलं आहे की वर्षश्राद्धाला चित्र दाखवाल का. उत्तमभाऊंनी हो म्हटलं आहे. ते कशाच्या जोरावर म्हटलं ते मला माहीत नाही. बहुधा तुमच्या.

तेव्हा आज माळ्यावर चढा. तुमच्या घरात, मेहुण्याच्या घरात, परदेशातून परतलेल्या पुतण्याच्या खोक्यांत ते हरलेलं मशीन पडलेलं असेल तर पाहा. एचडी डीव्हीडी असं त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. बंद असलं तरी चालेल, चालू कसं करायचं ते त्यांना ठाऊक आहे. भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या गोधडीत गुंडाळा, धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या कुठल्याही एसटीत कंडक्टरच्या हाती द्या आणि 'उत्तमभाऊंसाठी' एवढंच सांगा. दर रविवारी मांडीवर मशीन घेऊन बसणारा माणूस त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे.

माझं नाव सांगू नका. मी सांगून पाहिलं आहे. कंडक्टर विचारतो, कोण?